नवा कंपायलर स्वीकारताना

घरात नवी वस्तू आली की जुनी अडगळीत जाते, हा सर्वत्र आढळणारा व्यवहार होय. नवी शेगडी आली म्हणजे जुनी माळ्यावर चढते. नवे घड्याळ आले म्हणजे जुने पेटीत पडते. या अदलाबदलीने बाकीचा संसार हलत नाही. परंतु काही साधने अशी असतात की, इतर सर्व वस्तू त्यांच्याच हातून घडलेल्या असतात. सुताराचा गुण्या हे त्या जातीचे साधन आहे. नव्या गुण्याचा काटकोन जुन्याहून केसभर निराळा निघाला, तर जुन्या चौकटीत नवे दार बसत नाही. आणि दोष गुण्याचा असताना बोल मात्र दाराला लागतो. संगणकात गुण्याची ही जागा ज्याच्याकडे आहे, त्यास कंपायलर असे नाव आहे. तो बदलण्याचा प्रसंग आला असता काय करावे व काय करू नये, याचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम कंपायलर म्हणजे काय, ते पाहू. संगणकास मनुष्याची भाषा कळत नाही. त्यास कळतात ते केवळ आकडे, आणि तेही शून्य व एक या दोन अंकांत मांडलेले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हा भारतात घडविलेला संगणक कामास लागला, तेव्हा गणित घेऊन येणाऱ्यास ते यंत्राच्याच सांकेतिक भाषेत मांडावे लागे. पुढे चार वर्षांनी, १९६४ साली, त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हा अमेरिकन बनावटीचा संगणक आला आणि त्याबरोबर फोरट्रान भाषेचा कंपायलर आला. ही भाषा आयबीएम कंपनीतील जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनी १९५७ साली सिद्ध केली होती. बीजगणितातील सूत्रासारखे वाक्य मनुष्याने लिहावे आणि त्याचे यंत्रभाषेत रूपांतर कंपायलरने करावे, अशी सोय झाली. कंपायलर हा दुभाषा खरा. पण तो वाक्यागणिक शेजारी उभा राहून बोलणारा दुभाषा नव्हे. तो सबंध ग्रंथाचे एकदाच भाषांतर करून देतो आणि नंतर ते भाषांतरच कामास येते.

हे भाषांतर कोणी करावयाचे, या प्रश्नास दोन उत्तरे आहेत. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातील राजूर व त्याच्या आसपासचा मुलूख भातशेतीचा आहे. तेथील एखादे कुटुंब दुकानातून सडलेला तांदूळ विकत आणते, तर दुसरे घरचे भात गिरणीवर नेऊन आपल्याला हवा तितकाच सडवून घेते. शिजवून पानात पडतो तो भातच. परंतु दुसऱ्या घरास तांदूळ कोणत्या वाणाचा, किती सडलेला व कोणाच्या देखत सडलेला, हे ठाऊक असते. लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीचेही असेच आहे. डेबियन, किंवा तिच्या आधारावर सी-डॅक या संस्थेने सिद्ध केलेली 'बॉस', या प्रणालींत आज्ञावल्या इतरत्र भाषांतरित होऊन तयार स्वरूपात घरी येतात. याच्या उलट जेंटू या प्रणालीत आज्ञावलीची मूळ संहिता घरी येते आणि तिचे भाषांतर घरच्याच संगणकावर, घरच्याच कंपायलरकडून होते. डॅनियल रॉबिन्स यांनी आरंभिलेल्या या प्रणालीची पहिली पूर्ण आवृत्ती ३१ मार्च २००२ रोजी निघाली. वेगाने पोहणाऱ्या एका पेंग्विन पक्ष्याचे नाव तिला दिलेले आहे. डिसेंबर २०२३ च्या अखेरीपासून जेंटूनेही ज्यास हवे त्यास तयार पॅकेजे देण्यास प्रारंभ केला. तथापि घरी सडण्याची तिची मूळ रीत कायम आहे.

तयार तांदूळ आणणाऱ्याच्या घरी गिरणी बदलली काय, न बदलली काय, सारखेच. परंतु ज्याच्या घरचे प्रत्येक पीठ एकाच जात्यातून पडते, त्याने जाते बदलले तर त्याचा परिणाम सर्व स्वयंपाकावर होतो. म्हणूनच मूळ संहितेवर चालणाऱ्या प्रणालीत कंपायलर बदलणे ही थोडी गंभीरपणे करण्याची गोष्ट आहे.

मग तो बदलावाच कशाला? लिनक्सच्या जगात जो कंपायलर सर्वाधिक रुळलेला आहे, त्याचे नाव जीसीसी. ग्नू प्रकल्पाचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याची पहिली आवृत्ती १९८७ साली प्रसिद्ध केली. तेव्हा तो केवळ 'सी' या भाषेचा जाणकार होता. पुढे 'सी प्लस प्लस', फोरट्रान इत्यादी भाषाही त्याने आत्मसात केल्या. अलीकडे सुमारे वर्षातून एकदा त्याची नवी मोठी आवृत्ती निघते: पाचवी एप्रिल २०१५ मध्ये, चौदावी मे २०२४ मध्ये, पंधरावी एप्रिल २०२५ मध्ये. नव्या आवृत्तीत जुने दोष दूर झालेले असतात, नव्या घडणीच्या प्रोसेसरांचे गुण तिला ठाऊक असतात, आणि भाषांच्या नव्या मानकांचे ज्ञान तिला असते. आज्ञावल्या लिहिणारे लोक कालांतराने ही नवी मानके वापरू लागतात. त्या वेळी जुन्या कंपायलरवर अडून बसणाऱ्यास नव्या आज्ञावल्या दुर्बोध होतात. बदल टाळता येत नाही. तो कोणत्या क्रमाने करावा एवढेच आपल्या हाती असते.

येथे एक कोडे उभे राहते. कंपायलर ही स्वतःच एक आज्ञावली आहे. तिचीही मूळ संहिता आहे. मग तिचे भाषांतर करणार कोण? उत्तर असे की, जुना कंपायलर. नव्याचा जन्म जुन्याच्या हातून होतो. परंतु जुन्यात एखादा दोष असेल, तर तो नव्यात उतरणार नाही कशावरून? या शंकेचे निरसन जीसीसीच्या कर्त्यांनी फार सुंदर रीतीने केले आहे. नव्या कंपायलरची घडण तीन पायऱ्यांनी होते. पहिल्या पायरीस जुना कंपायलर नव्याच्या संहितेचे भाषांतर करतो. अशा रीतीने जो नवा कंपायलर तयार झाला, त्याचे ज्ञान नवे पण हात जुन्याचे. दुसऱ्या पायरीस हाच नवजात कंपायलर आपल्या स्वतःच्या संहितेचे पुन्हा भाषांतर करतो. आता ज्ञानही नवे आणि हातही नवे झाले. तिसऱ्या पायरीस दुसऱ्या पायरीचा कंपायलर तेच काम पुन्हा एकदा करतो, आणि मग दुसऱ्या व तिसऱ्या पायरीची फळे एकमेकांशी ताडून पाहिली जातात. ती अक्षरशः एकसारखी असली पाहिजेत. त्यांत फरक आढळला तर काम तेथेच थांबते आणि तो कंपायलर प्रणालीत प्रवेश करीत नाही.

ज्यांनी घरी जाते फिरताना पाहिले आहे, त्यांस ही रीत परकी वाटणार नाही. जात्याचे दगड झिजून गुळगुळीत झाले म्हणजे पाथरवटाकडून त्यास टाकी लावून घेत. टाकी लावल्यावर पहिल्या एक-दोन घासांचे जे पीठ पडे, त्यात दगडाची कच असे. ते पीठ कोणी भाकरीस घेत नसे. ते टाकून द्यावयाचे आणि नंतरचे पीठ बोटांत चोळून, कच गेली अशी खात्री करून, मगच परातीत घ्यावयाचे. जीसीसीच्या पहिल्या पायरीचे फळ हे त्या पहिल्या घासासारखे आहे: आवश्यक, परंतु टाकून देण्यासाठीच केलेले.

या तिहेरी कामास वेळ लागतो. चांगल्या संगणकावर अर्धा-पाऊण तास, तर जुन्या संगणकावर कित्येक तास सहज जातात. एकाच वेळी जितकी कामे चालवावयाची, त्या प्रत्येकामागे सुमारे दोन गिगाबाइट स्मृती हाताशी असावी, असा जेंटूचा संकेत आहे. तिकडे दुर्लक्ष करून चार गिगाबाइटच्या संगणकावर आठ कामे लावली, तर काम लवकर उरकत नाही, उलट अर्ध्यावर मोडते. मध्येच वीज गेली तर काय, असा प्रश्न राजूरसारख्या पावसाळी मुलखात कोणीही विचारील. त्याचे उत्तर दिलासा देणारे आहे. पोर्टेज नावाची जेंटूची व्यवस्था सर्व घडण एका तात्पुरत्या जागी करते आणि काम निर्विघ्न पार पडल्यावरच तयार वस्तू मूळ प्रणालीत नेऊन ठेवते. घडण चालू असता वीज गेली, तर वेळ वाया जातो. जुना कंपायलर मात्र जागच्या जागी सुरक्षित असतो. धोक्याचा काळ शेवटच्या हलवाहलवीचा, आणि तो थोडा असतो.

नवा कंपायलर आला तरी तो लगेच घरधनी होत नाही. जेंटूत त्याच्या निरनिराळ्या मोठ्या आवृत्ती स्वतंत्र कप्प्यांत शेजारी-शेजारी नांदू शकतात. त्यांतील कारभार कोणाकडे द्यावयाचा, हे जीसीसी-कॉन्फिग या छोट्या साधनाने ठरविले जाते. आधी उपलब्ध आवृत्तींची यादी मागवावी, नव्याचा क्रमांक पाहून त्याची निवड करावी, चालू सत्रास नव्या परिस्थितीची जाणीव करून द्यावी, आणि मग कंपायलरला त्याचे नाव-गाव विचारून खरोखर नवाच उत्तर देत आहे ना, हे पाहावे. त्यापाठोपाठ लिबटूल या साहाय्यक साधनाची फेरबांधणी करावी, कारण कंपायलरचा पत्ता त्याच्या पोटात लिहिलेला असतो. घर बदलले तरी ते जुन्याच दारावर थाप मारीत राहते. या सर्व काळात जुना कंपायलर काढून टाकू नये. याचे कारण पुढे येणाऱ्या एका प्रकरणावरून ध्यानी येईल.

अनेक आज्ञावल्या एकत्र काम करतात, तेव्हा त्यांच्यात मापांचा एक अलिखित करार असतो. मजकुराचा तुकडा एकीकडून दुसरीकडे द्यावयाचा, तर तो स्मृतीत कोणत्या आकाराने मांडलेला असेल, हे दोघींस सारखेच ठाऊक हवे. हा करार कंपायलर व त्याच्या सोबतीची सामायिक लायब्ररी मिळून ठरवितात. २०१५ साली पाचव्या आवृत्तीत या कराराच्या एका कलमात बदल झाला. तोपर्यंत 'सी प्लस प्लस' भाषेत एका मजकुराच्या दोन प्रती काढल्या, तरी त्यांपैकी एकीत फरक होईतोपर्यंत दोघी एकाच साठ्यावर भागवीत. २०११ च्या मानकाने ही सामायिकी अमान्य केली. तसेच वस्तूंच्या यादीने आपली संख्या मोजत न बसता तत्क्षणी सांगितली पाहिजे, असाही दंडक घातला. त्यामुळे मजकूर व यादी या दोघांचीही घडण बदलावी लागली.

हा प्रसंग भारतातील जुन्या पिढीने नाण्यांच्या बाबतीत अनुभवला आहे. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे सोळा आण्यांऐवजी शंभर नवे पैसे झाले. चार आण्यांचे पंचवीस पैसे हा हिशेब सरळ होता. परंतु एक आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा आणि तीन आण्यांचे एकोणीस, असे कोष्टक करावे लागले, आणि काही काळ दोन्ही नाणी बाजारात एकत्र फिरली. पाचव्या जीसीसीच्या लायब्ररीनेही तेच केले. जुन्या घडणीचा मजकूर आणि नव्या घडणीचा मजकूर असे दोन्ही तिने आपल्या पदरी ठेवले, आणि नव्यावर वेगळी खूण केली. त्यामुळे जुन्या आज्ञावल्या एकाएकी बंद पडल्या नाहीत. परंतु एक दुकान आण्यांत व दुसरे पैशांत हिशेब मांडू लागले की, देवघेव अडावी, तसे होऊ लागले: नव्या कंपायलरने घडविलेली आज्ञावली जुन्याने घडविलेल्या लायब्ररीकडे नव्या खुणेचा मजकूर मागे, आणि ती वस्तू तेथे नसे. यावर जेंटूच्या व्यवस्थापकांनी उपाय सांगितला तो असा की, 'सी प्लस प्लस'च्या सामायिक लायब्ररीवर अवलंबून असणाऱ्या सर्व आज्ञावल्या रिव्हडेप-रिबिल्ड या साधनाने शोधून काढाव्या आणि नव्या कंपायलरने पुन्हा घडवाव्या. म्हणजे सर्व बाजार एकाच नाण्यावर येतो.

येथे आणखी एक नियम ध्यानात ठेवावा. नवी लायब्ररी जुन्या आज्ञावल्यांस सहसा सांभाळून घेते. जुनी लायब्ररी मात्र नव्या आज्ञावल्यांस पुरी पडत नाही. म्हणून पुढे जाणे सोपे आणि परत फिरणे कठीण. अर्धे घर नव्या कंपायलरने घडविल्यावर 'पूर्वीचेच बरे होते' असे म्हणून नवा काढून टाकणारा, आपल्याच हाताने त्या अर्ध्या घराचा पाया काढून घेतो. उलट नव्याकडे कारभार देण्यापूर्वीच जुना काढणारा दोन्ही घरांस मुकतो. या दोन घाईंपासून दूर राहणे, हेच या सर्व प्रकरणातील शहाणपण होय.

प्रत्येक वेळी सर्व घर पाडून बांधावे लागते, असे मात्र नाही. बहुतेक बदलांत तशी गरज पडत नाही. नित्याच्या सुधारणांबरोबर एकेक आज्ञावली नव्या कंपायलरच्या हातून जात राहते. गरज असेल तेव्हा जेंटूचे व्यवस्थापक बातमीपत्राद्वारे तसे कळवितात, आणि ते बातमीपत्र संगणकावरच वाचावयास मिळते. ते न वाचता कामास लागणे म्हणजे प्रश्नपत्रिका न वाचता उत्तरे लिहिणे होय. २०१७ च्या अखेरीस सर्व आज्ञावल्या अधिक सुरक्षित घडणीच्या करावयाच्या ठरल्या, तेव्हा मात्र सबंध प्रणालीची फेरबांधणी करण्यास सांगण्यात आले होते. अशा वेळी घरातील दोन-तीन संगणकांकडून मिळून काम करून घेण्याची सोय आहे. तिचे नाव डिस्टसीसी. शेतकऱ्यांची इर्जिक असते तशी ही रीत. परंतु इर्जिकीस आलेल्या सर्वांच्या पाभरी सारख्या फणांच्या हव्यात, तद्वत् साहाय्यास येणाऱ्या प्रत्येक संगणकावर कंपायलरची आवृत्ती एकच हवी. नाहीतर एका शेतात दोन अंतरांची पेरणी होते.

कधी मापे तीच राहतात, पण शिस्त कडक होते. 'सी' भाषेच्या १९९९ च्या मानकाने असे ठरविले की, एखाद्या उपआज्ञेची आगाऊ ओळख करून दिल्यावाचून तिला हाक मारता कामा नये. जीसीसीने पंचवीस वर्षे या चुकीवर लाल रेघ ओढली, पण विद्यार्थ्यास उत्तीर्ण केले. मे २०२४ मधील चौदाव्या आवृत्तीपासून त्यास अनुत्तीर्ण करण्याचे धोरण तिने स्वीकारले. हा हट्ट निष्कारण नव्हता. ओळख न दिलेल्या उपआज्ञेचे उत्तर बत्तीस अंकांचे असेल, असे कंपायलर गृहीत धरी. परंतु आजच्या संगणकावर स्मृतीतील ठिकाणाचा पत्ता चौसष्ट अंकांचा असतो. उत्तर म्हणून पत्ता आला तर त्याचा अर्धा भाग वाटेतच गळून पडे, आणि आज्ञावली भलत्याच दारी जाऊन कोसळे. कडक शिस्तीने हे दोष उघडकीस आले. जेंटू, फेडोरा इत्यादी प्रणालींच्या स्वयंसेवकांनी पुष्कळ आधीपासून खपून जुन्या संहितांची दुरुस्ती केली होती, म्हणूनच सामान्य उपयोगकर्त्यास त्याची झळ कमी लागली.

या शिस्तीची एक सूक्ष्म बाजूही आहे. बांधणीपूर्वी पुष्कळ आज्ञावल्या कंपायलरला लहान-लहान चाचणीवाक्ये देऊन संगणकात कोणत्या सोयी आहेत, हे आजमावतात. चाचणीवाक्यच गबाळे असेल तर कडक कंपायलर ते नाकारतो, आणि आज्ञावली समजते की सोयच नाही. अशा वेळी काहीही मोडत नाही, फक्त आज्ञावली मुकाट्याने अपुरी घडते. उघड मोडण्यापेक्षा हे अधिक वाईट. पंधराव्या आवृत्तीने 'सी'चे २०२३ चे मानक प्रमाण मानले, तेव्हा 'बूल' हा शब्द भाषेच्याच मालकीचा झाला, आणि ज्यांनी तो पूर्वी आपल्या सोयीने योजला होता, त्यांच्या संहिता अडखळू लागल्या. यास्तव नवी आवृत्ती निघाल्या दिवशीच न स्वीकारता, ती जेंटूच्या स्थिर शाखेत येईपर्यंत वाट पाहणे हे गृहस्थाच्या संगणकास श्रेयस्कर.

आता कोणी विचारील की, तयार तांदूळ मिळत असता हा खटाटोप कशासाठी? ज्यास केवळ पत्रे लिहावयाची व चित्रे पाहावयाची, त्यास तो करण्याचे कारण नाही. परंतु कोणातरी समाजात हा खटाटोप करणारी माणसे असलीच पाहिजेत. केन थॉम्प्सन या शास्त्रज्ञांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग-पुरस्काराच्या व्याख्यानात असे दाखवून दिले की, कंपायलरच कपटी असेल, तर निर्दोष संहितेतूनही सदोष आज्ञावली निघू शकते. इतकेच नव्हे तर संहितेत त्याचा मागमूसही न ठेवता ते कपट पुढच्या पिढीच्या कंपायलरात उतरू शकते. तिहेरी घडणीची ताडणीही त्यास पकडू शकत नाही, कारण तिन्ही पायऱ्यांवर तेच कपट सारखेच उतरते. मूळ बियाणेच शुद्ध हवे, हा त्याचा मथितार्थ. २०२३ साली गिक्स या प्रणालीच्या कार्यकर्त्यांनी अवघ्या ३५७ बाइटांच्या, मनुष्यास डोळ्यांनी तपासता येईल अशा बीजापासून आरंभ करून, पायरीपायरीने जीसीसीपर्यंत पोचून दाखविले. राजूरच्याच तालुक्यात, कोंभाळणे येथे, राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचे बियाणे घरी राखून ठेवले आणि २०२० साली त्यांस पद्मश्री जाहीर झाली. दोन्ही कामांचे स्वरूप निरनिराळे, पण चिंता एकच: बी आपल्या हाताखालचे असावे.

या विद्येचे वाटेकरी महाराष्ट्रातही आहेत. पवई येथील आयआयटी मुंबईत प्राध्यापक उदय खेडकर यांनी जीसीसीच्या अंतरंगाचा अभ्यास करविणारे केंद्र चालविले आणि कार्यशाळांतून विद्यार्थ्यांस तो कंपायलर उघडून दाखविला. ज्या वस्तूची मूळ संहिता सर्वांस खुली आहे, ती वस्तू समजून घेण्यास मुंबई काय आणि राजूर काय, अंतर सारखेच. मात्र ती समजून घेणाऱ्याने घाई करू नये. बातमीपत्र वाचावे, घरच्या कागदपत्रांची व चित्रांची एक प्रत दुसरीकडे ठेवावी, नवा कंपायलर जुन्याशेजारी आणून बसवावा, त्याच्याकडे कारभार द्यावा, ज्या आज्ञावल्यांस फेरबांधणी हवी, त्यांची ती करावी, काही दिवस सर्व कामे नीट चालतात असे पाहावे, आणि त्यानंतरच जुन्यास निरोप द्यावा.